परिसीमनाचा आदेश, सन २००८ : एका सीमापत्राचें परीक्षण

(१)

गांवच्या शिवेचा महजर हातीं आला म्हणजे संशोधक त्यास कांहीं ठराविक प्रश्न विचारतो. कागद कोणत्या सालचा? कोणाच्या समक्ष झाला? वादी-प्रतिवादी कोण व साक्षी कोणाच्या? शीव कोणत्या खुणांवरून चालविली आणि निवाडा कोणत्या कारणानें झाला? हे प्रश्न तीनशें वर्षांपूर्वींच्या कागदांपुरतेच राखून ठेवावे असें आम्हांस वाटत नाहीं. अलीकडच्या काळांत या देशांत जीं सीमापत्रें झालीं, त्यांत सर्वांत अधिक भूमि व सर्वांत अधिक माणसें ज्यानें वांटून दिलीं, तें सीमापत्र म्हणजे लोकसभेच्या व विधानसभांच्या मतदारसंघांचा सन २००८ चा परिसीमन-आदेश होय. राजकारणी मंडळींनीं त्याची चर्चा जयापजयाच्या हिशोबानें पुष्कळ केली. कागद म्हणून त्याची तपासणी मात्र व्हावी तशी झालेली नाहीं. ती करण्याचा हा प्रयत्न आहे.

यांत केवळ कुतूहलाचा भाग आहे असें वाचकांनीं समजूं नये. खानेसुमारीचे आंकडे निघाले म्हणजे सीमा पुन्हां आंखावयाच्या, हा आपल्या राज्यघटनेचा नियम आहे. सन २०२७ च्या मार्च महिन्याची १ ली तारीख हा संदर्भदिन धरून नव्या खानेसुमारीची अधिसूचना १६ जून २०२५ रोजीं निघाली. म्हणजे पुढील सीमापत्राचा पाया घातला जात आहे. मागील कागदांत काय साधलें व काय राहून गेलें, हें पाहून ठेवण्याची वेळ हीच आहे.

(२)

प्रथम कागदाची वंशावळ सांगूं. स्वतंत्र भारतांतील पहिल्या निवडणुकीसाठीं १९५१ सालीं जे आदेश निघाले, ते निवडणूक-आयोगाच्या सल्ल्यानें राष्ट्रपतींनीं काढिलेले होते, आणि संसदेपुढें ठेविल्यावर त्यांत फेरफार करण्याची मोकळीक संसदेस होती. ज्यांच्या जागा त्या सीमांवर अवलंबून, त्यांनींच त्या सीमा दुरुस्त कराव्या, यांतील दोष उघड होता. तेव्हां १९५२ च्या अधिनियमानें स्वतंत्र परिसीमन-आयोग नेमण्याची व त्याचा निर्णय अखेरचा मानण्याची पद्धत पडली. त्यानंतर १९६२, १९७२ व २००२ या सालच्या अधिनियमांन्वयें असेच आयोग झाले. प्रस्तुत आदेश २००२ च्या आयोगाचा. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति कुलदीप सिंग हे त्याचे अध्यक्ष होते. १९ फेब्रुवारी २००८ पासून आदेश अमलांत आला, त्याच वर्षीं कर्नाटक विधानसभेच्या निवडणुकीस तो प्रथम लागू झाला व लोकसभेस १९५२ पासूनच्या पंधराव्या निवडणुकींत, म्हणजे २००९ सालीं, लागू पडला.

या वंशावळींत मध्यें एक मोठी पोकळी आहे. १९७१ च्या खानेसुमारीवरील आदेश १९७६ सालचा, आणि त्यापुढील आदेश एकदम २००८ सालचा. बत्तीस वर्षें शिवा जेथल्या तेथें राहिल्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें जागांचें वांटप सन २००० नंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत गोठविलें, तें याचें कारण. कुटुंबनियोजन चांगलें करणाऱ्या राज्यांनीं त्या सत्कृत्याबद्दल जागा गमावूं नयेत, असा त्यामागील विचार होता. त्या बत्तीस वर्षांत ठाण्यासारखा मतदारसंघ वाढत वाढत देशांतील अतिविशाल संघांपैकीं एक झाला, आणि दक्षिण मुंबईसारखा संघ त्याच्या शेजारीं लहान दिसूं लागला. दोन्हींकडून प्रतिनिधि मात्र एकेकच जात होता.

(३)

आतां कागदाच्या कालनिर्णयाकडे वळूं. कोणत्याहि कागदाची एक तिथि असते. या कागदाच्या पोटांत मात्र दोन तिथि आहेत, आणि त्या ओळखल्यावांचून त्याचा अर्थ लागत नाहीं. कोणत्या राज्यास किती जागा, हा भाग १९७१ च्या खानेसुमारीचा. राज्याच्या आंत सीमा कोठें, हा भाग २००१ च्या खानेसुमारीचा. ८४ व्या दुरुस्तीनें जागांचें वांटप सन २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत पुन्हां स्थिर केलें व अंतर्गत सीमांसाठीं १९९१ चे आंकडे नेमले. पुढें २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीनें १९९१ च्या जागीं २००१ हें साल घातलें. सारांश, घर १९७१ च्या मापानें बांधलेलें व आंतील भिंती २००१ च्या मापानें फिरविलेल्या, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्रापुरतें पाहूं. १९७१ सालीं राज्याची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. लोकसभेच्या जागा ४८, म्हणजे दर जागेस सुमारें साडेदहा लक्ष माणसें. २००१ सालीं लोकसंख्या ९,६८,७८,६२७ झाली, जागा ४८ च राहिल्या, आणि दर जागेमागें २०,१८,३०५ माणसें आलीं. आयोगानें या सरासरीच्या दोहों बाजूंस शेंकडा दहांपर्यंत कमीअधिक होऊं देण्याचें धोरण ठेविलें. म्हणजे सुमारें १८ लक्ष १६ हजारांपासून २२ लक्ष २० हजारांपर्यंत कोणतीहि संख्या चालण्यासारखी होती. विधानसभेच्या जागा २८८, म्हणून लोकसभेच्या प्रत्येक संघांत विधानसभेचे सहा संघ बरोबर बसतात. राज्याच्या आंत समता राखण्याची ही रचना नेटकी आहे व तिचें श्रेय आयोगास दिलें पाहिजे.

परंतु राज्याराज्यांची तुलना केली कीं जुन्या मापाचा दोष दिसतो. १९७१ सालीं राजस्थानच्या २५ जागा व केरळच्या २० जागा यांस दर जागेमागें अनुक्रमें १० लक्ष ३१ हजार व १० लक्ष ६७ हजार माणसें येत होतीं. तराजू जवळजवळ समतोल होता. २०११ च्या आंकड्यांनीं पाहतां राजस्थानांत दर जागेस २७ लक्ष ४२ हजार व केरळांत १६ लक्ष ७० हजार पडतात. केरळांतील दहा माणसांना जें प्रतिनिधित्व मिळतें, तें मिळण्यास राजस्थानांत सोळा माणसें लागतात. बिहारांत हाच आंकडा २६ लक्षांवर आणि तामिळनाडूंत साडेअठरा लक्षांच्या घरांत आहे. समतेच्या बाजूनें ही विषमता असह्य आहे. उलट ज्यांनीं राष्ट्राच्या सांगण्यावरून जन्मप्रमाण आटोक्यांत आणिलें, त्यांना त्याच कारणासाठीं सभेंतील वजन गमवावें लागणें हाहि अन्याय होय. दोन्ही बाजूंस धर्म आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें येथें एवढेंच सांगावयाचें, कीं गोठविण्यानें वाद मिटला नाहीं, लांबला, आणि लांबतांना वाढला. पंचवीस वर्षांचा करार आणखी पंचवीस वर्षें चालविला, म्हणजे तो निवाडा होत नाहीं, ती मुदतवाढ होते.

(४)

आतां आदेशाच्या वर्णनपद्धतीकडे पाहूं. जुन्या हद्दमहदुदींत शीव जमिनीवरून चालते. अमुक ओढ्याच्या काठानें वर, तेथून टेकडीच्या माथ्यानें, पुढें वडाखालील धोंड्यापाशीं, असा तिचा मार्ग असतो. कधीं मस्तकीं माती घेऊन शीव चालण्याचें दिव्य करावें लागे. शीव म्हणजे कोणाच्या तरी पायांनीं चाललेली वाट होती. २००८ च्या आदेशांत शीव चालत नाहीं. तेथें क्षेत्रांची मोजदाद असते. अमुक तालुका संपूर्ण, अमुक तालुक्याचा भाग, त्यांतील अमुक महसूल मंडळें, आणि जेथें मंडळहि फोडावें लागलें तेथें त्यांतील तलाठ्यांचे साझे. शहरांत प्रभाग.

या पद्धतीचा गुण असा कीं ती संशयास थारा देत नाहीं. ओढा पात्र बदलतो, वड पडतो, धोंडा रात्रींतून सरकतो. साझ्याची यादी मात्र सरकत नाहीं. तिचा दोष असा कीं ती परावलंबी आहे. साझा म्हणजे कोणतीं गांवें, हें आदेश सांगत नाहीं. तें महसुली दप्तरांत पाहावें लागतें, आणि तेंहि आदेशानें ठरविलेल्या एका विशिष्ट तारखेच्या दप्तरांत. त्या तारखेनंतर जिल्हे फुटले, तालुके झाले, मंडळें नव्यानें आंखलीं गेलीं, तरी मतदारसंघाच्या दृष्टीनें जुनींच मंडळें जिवंत समजावयाचीं. पालघरचें उदाहरण घ्या. पालघर मतदारसंघ आदेशांत २००८ सालीं आला व पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला. पन्नास वर्षांनीं एखादा अभ्यासक संघास जिल्ह्याचें नांव मिळालें असें लिहील, तर तो चुकेल.

म्हणून आमचें पहिलें म्हणणें असें : या आदेशाची प्रत एकटी ठेवून संग्रह पुरा होत नाहीं. त्या तारखेच्या तालुक्यांचे नकाशे, मंडळांच्या व साझ्यांच्या गांववार याद्या, आणि निवडणूक-आयोगानें मागाहून काढिलेलीं शुद्धिपत्रें यांवांचून हा कागद कुलपाशिवायच्या किल्लीसारखा आहे. छापील राजपत्र ग्रंथालयांत राहील. तालुक्याच्या कचेरींतील याद्यांची मात्र कोणी हमी देऊं शकत नाहीं.

(५)

नांवें व क्रमांक हा संशोधकाचा आवडता विषय. त्यांत हा आदेश फार उद्बोधक आहे. कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. लोकसभेचा मतदारसंघ मात्र २००८ पर्यंत कुलाबाच राहिला. ज्या नांवानें चिंतामणराव देशमुख १९५२ सालीं निवडून आले, तें नांव जिल्ह्यावरून गेल्यावरहि सत्तावीस वर्षें मतपत्रिकेवर जिवंत होतें. तसाच प्रकार पुन्हां घडला आहे. औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांचीं नांवें २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर व धाराशिव अशीं झालीं, तरी २०२४ ची निवडणूक या मतदारसंघांत जुन्याच नांवांनीं झाली. राज्य बदललें तरी जुन्या परगण्याचें नांव दप्तरांत टिकून राहिल्याचीं उदाहरणें आपण मोडीच्या रुमालांत नेहमीं पाहतों. तीच चाल येथें दिसते.

दुसरीं कांहीं नांवें या आदेशानें पुसलीं. राजापूर, कराड, पंढरपूर, इचलकरंजी, खेड, कोपरगांव, मालेगांव, एरंडोल, डहाणू, वाशीम, चिमूर हे लोकसभेचे स्वतंत्र संघ राहिले नाहींत. शेवटचीं दोन नांवें यवतमाळ-वाशीम व गडचिरोली-चिमूर या जोडनांवांत कशीबशी टिकलीं. त्यांच्या जागीं हातकणंगले, माढा, शिरूर, मावळ, शिर्डी, दिंडोरी, रावेर, कल्याण, भिवंडी अशीं नांवें आलीं. गोव्यांत पणजी व मुरगांव जाऊन उत्तर गोवा व दक्षिण गोवा झाले. नांव पुसलें म्हणजे इतिहास पुसला असें नव्हे. परंतु बॅरिस्टर नाथ पै किंवा मधु दंडवते यांच्या कार्याचे कागद जो जुळवील, त्यास राजापूर मतदारसंघ म्हणजे कोणता मुलूख, हें नव्या नकाशावरून कळणार नाहीं. तेथें आजहि राजापूर नांवाचा संघ आहे, पण तो विधानसभेचा.

क्रमांकांत तर याहून मोठा सांपळा आहे. १९७६ च्या आदेशांत महाराष्ट्रांतील लोकसभेचा १ ला क्रमांक राजापूरचा होता, कारण मोजणी कोंकणाच्या दक्षिण टोंकापासून सुरू होत होती. २००८ च्या आदेशांत मोजणी वायव्येकडून आली, आणि १ ला क्रमांक नंदुरबारास व ४८ वा हातकणंगल्यास गेला. विधानसभेचा पहिला संघ पूर्वीं सावंतवाडी होता, तो अक्कलकुवा झाला. ज्या कागदावर संघाचा क्रमांक आहे परंतु साल नाहीं, असा कागद संग्राहकाच्या हातीं आला तर त्यानें तो सालाचा छडा लागल्यावांचून दप्तरीं लावूं नये. शक न दिलेल्या पत्रानें जी फसगत होते, तीच येथें होईल.

(६)

अधिनियमाच्या ९ व्या कलमांत सीमा कशा आंखाव्या याचे निकष दिले आहेत. संघ शक्यतों सलग व आटोपशीर असावेत, आणि नैसर्गिक रचना, प्रशासकीय घटकांच्या चालू सीमा, दळणवळणाच्या सोयी व लोकांची सोय यांकडे लक्ष द्यावें. हे निकष उत्तम आहेत. पण ते एकमेकांशीं भांडूं लागले म्हणजे कोणाचें ऐकावें, हें कलम सांगत नाहीं.

मावळ मतदारसंघ हें याचें नमुनेदार उदाहरण. यांत पनवेल, कर्जत व उरण हे घाटाखालचे तीन आणि मावळ, पिंपरी व चिंचवड हे घाटावरचे तीन विधानसभा-संघ एकत्र बांधिले आहेत. मधून सह्याद्रीची धार जाते. आपल्या इतिहासांत घाटमाथा व तळकोंकण यांचे सुभे, हवामान, पिकें, इतकेंच काय वजनें-मापेंहि वेगळीं होतीं. नैसर्गिक रचनेचा निकष येथें धाब्यावर बसला असें प्रथमदर्शनीं वाटतें. तथापि आयोगाच्या बाजूनें बोलावयाचें तर बोरघाटांतून लोहमार्ग गेला त्यास दीड शतकाहून अधिक काळ लोटला, आणि द्रुतगतिमार्गानें पनवेल व पिंपरी हीं एकाच उद्योगपट्ट्याचीं दोन टोंकें झालीं आहेत. दळणवळणाच्या निकषानें पाहतां हा संघ अगदींच विसंगत नाहीं. आमचा आक्षेप रचनेवर नाहीं. आक्षेप असा कीं, यांतला कोणता विचार आयोगाच्या मनांत निर्णायक ठरला, हें आदेशावरून कळत नाहीं. कदाचित् यांतला एकहि विचार नसून केवळ संख्येची भरती करण्यासाठीं हे सहा संघ जवळ आले असतील. रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली व गुहागर हे दोन संघ रायगड मतदारसंघांत गेले, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग हें नांव उरलेल्या भागास मिळालें. येथेंहि संख्येची गरज उघड दिसते, पण ती आदेशानें आपण होऊन सांगितलेली नाहीं.

याच जातीचें दुसरें उदाहरण २०२२ सालचें आहे. न्यायमूर्ति रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें जम्मू-काश्मीरच्या सीमा २०११ च्या खानेसुमारीवरून आंखतांना अनंतनाग-राजौरी हा संघ पीर-पंजाल पर्वताच्या दोहों अंगांस पसरविला. २०२४ सालीं तेथील मतदान ७ मे रोजीं व्हावयाचें होतें, तें दळणवळणाच्या अडचणींमुळें २५ मे रोजीं घ्यावें लागलें. डोंगर हा कागदावर रेघ असतो व जमिनीवर डोंगरच असतो, याचा हा पुरावा होय. सह्याद्रि माणसानें पोंखरला आहे, पीर-पंजालाचा हिमकाल तसा सहज वांकत नाहीं. एकच निकष दोन ठिकाणीं लावतांना हा भेद पाहिला पाहिजे.

(७)

आतां मुख्य दोषाकडे येतों. महजरांत निवाड्याबरोबर कारण असतें. वादीची करिना, प्रतिवादीची करिना, साक्षीदारांचीं वचनें, आणि मग मजालशींत बसलेल्या देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी व बलुतेदार यांचीं नांवें व निशाण्या. खोटें बोलणारा कोण होता हेंहि तीनशें वर्षांनीं कळतें. २००८ च्या आदेशांत निवाडा आहे, कारण नाहीं. कोष्टक आहे, करिना नाहीं.

पंढरपूरची गोष्ट घ्या. १९७६ च्या रचनेंत महाराष्ट्रांत अनुसूचित जातींसाठीं बुलढाणा, उस्मानाबाद व पंढरपूर या तीन जागा राखीव होत्या. २००८ च्या रचनेंत अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर व सोलापूर या पांच जागा राखीव झाल्या. जुन्या तिघांपैकीं एकहि यांत नाहीं. अनुसूचित जमातींच्या बाबतींत कायदा स्पष्ट आहे. ज्या भागांत त्यांचें प्रमाण सर्वांत अधिक, तेथें राखीव जागा. अनुसूचित जातींच्या बाबतींत मात्र जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेल्या असाव्या व शक्यतों जेथें प्रमाण तुलनेनें अधिक तेथें असाव्या, अशीं दोन सूत्रें आहेत. या दोन सूत्रांच्या मध्यें निवडीस मोठा अवकाश राहतो. तो अवकाश आयोगानें कसा वापरला, हें जाणण्याचा अधिकार त्या मुलुखांतील मतदारास आहे आणि पुढील इतिहासकारासहि आहे. पंढरपूर तालुका तर विधानसभेच्या चार संघांत वांटला गेला. भूवैकुंठाच्या एका तालुक्यानें चार आमदारांकडे पाहावें, यांत हानि आहे कीं लाभ, याचा वाद होऊं शकेल. परंतु वाद होण्यास कारण तरी लिहिलेलें पाहिजे.

कारण न लिहिण्यास कायद्याचें पाठबळ आहे, हें आम्ही जाणतों. घटनेच्या ३२९ व्या कलमानें परिसीमनाचा कायदा न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेविला. उज्जैनच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं ठरविलें, कीं राजपत्रांत प्रसिद्ध झालेला आदेश कायद्याच्याच तोलाचा असून त्यास आव्हान देतां येत नाहीं. तसें न केल्यास एखादा मतदार न्यायालयांतून न्यायालयांत फिरून निवडणूकच अडवून धरील, अशी न्यायालयाची विचारसरणी होती. ती व्यवहाराला धरून आहे. २०२४ सालीं त्याच न्यायालयानें गुजरातेंतील एका प्रकरणांत ही कडी किंचित् सैल केली, आणि आदेश उघड उघड मनमानीचा व घटनेच्या मूल्यांशीं विसंगत असेल तर तो तपासण्यास न्यायालय मोकळें आहे, असें म्हटलें. पण तपासावयाचें कशावरून? कारणें लिहिलेलीं नसतील तर मनमानी सिद्ध करणें कठीण, आणि ती नव्हती हें सिद्ध करणें त्याहून कठीण. निर्णय अखेरचा असावा यास आमची संमति आहे. मात्र जो निर्णय अखेरचा, त्याचीं कारणें अधिक पूर्ण असलीं पाहिजेत. ज्यावर अपील आहे त्या निवाड्यांतील उणीव वरचें न्यायालय भरून काढतें. ज्यावर अपील नाहीं त्यांतील उणीव कायमची राहते.

(८)

एकांगी टीका करणें आम्हांस मान्य नाहीं, म्हणून आयोगाच्या पद्धतीची उजवी बाजूहि येथें नोंदवितों. प्रत्येक राज्यासाठीं दहा सहयोगी सदस्य असत. पांच लोकसभेचे व पांच विधानसभेचे. त्यांना बोलण्याचा अधिकार होता, मत देण्याचा किंवा निर्णयावर सही करण्याचा नव्हता. १९५१ च्या अनुभवावरून काढिलेला हा तोडगा शहाणपणाचा आहे. हितसंबंधी माणूस साक्षीदार असावा, पंच नसावा, ही गोतसभेचीहि रीत होती. प्रस्तावाचा मसुदा राजपत्रांत प्रसिद्ध करणें, त्यासोबत सहयोगी सदस्यांचे भिन्न मताचे प्रस्ताव छापणें, हरकती मागविणें, उघड्या बैठकी घेणें, आणि अखेरचा आदेश देशी भाषांतील निदान दोन वृत्तपत्रांत प्रसिद्ध करणें, हें सर्व कायद्यानें घालून दिलेलें आहे. पेशव्यांच्या दप्तरांतील कोणत्याहि सरंजामाच्या वांटणींत रयतेला इतकें विचारल्याचें आढळत नाहीं. महजराची आम्ही स्तुति केली ती त्याच्या नोंदीबद्दल. त्या मजालशींत कोणास बसावयास मिळे, कोणास बाहेर उभें राहावें लागे, आणि कोणाच्या डोक्यावर मातीचें ओझें येई, हें विसरून ती केलेली नाहीं. एका माणसास एक मत, ही या कागदाची पायाभूत कल्पना महजराच्या काळीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हती.

तेव्हां दोष पद्धतीचा नाहीं, दोष तिच्या अखेरच्या पायरीचा आहे. मसुदा, भिन्नमत, हरकत, बैठक या चारी पायऱ्यांवर कागद निर्माण होतात. पांचव्या पायरीवर, म्हणजे आदेशांत, ते सर्व गळून जातात व कोष्टक तेवढें उरतें.

(९)

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली पुढील आयोगासंबंधीं. प्रत्येक मतदारसंघाच्या कोष्टकाखालीं चारपांच ओळींचें कारण लिहावें. कोणत्या हरकती आल्या, कोणती मानली, कोणती नाकारली व कां, संख्येसाठीं कोणता नैसर्गिक वा प्रशासकीय निकष बाजूस ठेवावा लागला. महाराष्ट्रांत अठ्ठेचाळीस परिच्छेद म्हणजे फार मोठें काम नव्हे. निवडणुकीस त्यानें एक दिवसहि विलंब लागणार नाहीं. उत्तरेकडील राज्यांच्या जागा वाढाव्या कीं दक्षिणेकडील राज्यांचें वजन राखावें, हा वाद पुढील खेपेस तीव्र होणार हें दिसतच आहे. अशा वेळीं ज्या सीमापत्रांत कारणें असतील, त्यावर नाराज मनुष्यहि विश्वास ठेवील. ज्यांत नसतील, त्यावर संतुष्ट मनुष्यहि संशय घेईल.

दुसरी गोष्ट आपल्यासंबंधीं, म्हणजे जुने कागद जमविणाऱ्या मंडळीसंबंधीं. कागद जुना झाल्यावर त्याचा शोध करण्याची आपली रीत आहे. या कागदांच्या बाबतींत ती चालणार नाहीं. १९७६ पूर्वींच्या आणि २००८ च्या रचनेचे मसुदे, भिन्नमतांचे प्रस्ताव, गांवोगांवच्या ठरावांच्या व हरकतींच्या नकला, बैठकींचीं वर्तमानपत्री वृत्तें, तालुकावार नकाशे, असे कागद पक्षांच्या कचेऱ्यांत, जुन्या कार्यकर्त्यांच्या फडताळांत व रद्दीच्या दुकानांत पडून आहेत. ज्यानें हरकत घेतली त्याची नक्कल बहुधा त्याच्याच घरीं असते, आणि तो गेल्यावर ती घराबाहेर पडते. अशा कागदांवर मिळाल्याची तारीख, स्थळ व कोणत्या आदेशाशीं त्यांचा संबंध आहे हें लिहून ते जपावेत. आदेशानें जीं कारणें सांगितलीं नाहींत, तीं सांपडलीं तर याच चिठ्याचपाट्यांत सांपडतील.

पोथी-बखरींच्या मानानें हे कागद रुक्ष आहेत खरे. परंतु शिवेचे महजरहि ज्या दिवशीं लिहिले गेले त्या दिवशीं रुक्षच होते. ते कोणी तरी वतनाच्या कागदांबरोबर बांधून ठेविले, म्हणून आज आपणांस मिळतात. नव्या खानेसुमारीचे आंकडे हातीं येऊन पुढचा आयोग बसण्यापूर्वीं मागील रचनेचें दप्तर शक्य तितकें एकत्र व्हावें, आणि ज्यांच्यापाशीं यांतील कांहीं असेल त्यांनीं त्याची यादी तरी प्रसिद्ध करावी, एवढीच या परीक्षणाच्या निमित्तानें आमची संग्राहकांस विनंति आहे.